निळ्यांच्या वाट्याला विल्किन

त्या वर्षी गावचा हिरवा संघ पाचवा आला, म्हणजे हॉजांच्या घरातला बेसबॉल डिसेंबरातच आटोपला. सहा संघांतले चार पुढे जातात, दोन घरी बसतात, आणि सान पेद्रोतले लोक नाताळाआधीच टोप्या खुंटीला लावून ऊस, पाऊस, सरकार अशा दुय्यम विषयांकडे वळतात. घरची मालकीण मिलेदिस हिच्या मते याला एक चांगली बाजू होती. नाताळचे पास्तेल, म्हणजे पानात बांधून उकडायच्या केळ्याच्या पुड्या, करायला माणसं मोकळी सापडली.

नाताळ परवावर आलेला. परसातल्या आंब्याखाली सगळं घर कामाला जुंपलेलं. थोरला मुलगा रादामेस हिरवी केळी किसत होता आणि दर केळ्यामागे बोट कापल्याची तक्रार करत होता. मिलेदिसचा नवरा एलिहियो याची विधवा बहीण ओफेलिया, जिला सगळी गल्ली तिती म्हणे, किसावर मटणाचं सारण ठेवत होती आणि मधूनमधून ते चाखून कमी करत होती. धाकटी सून युबेर्किस पानांच्या पुड्या दोऱ्याने बांधत होती. खुद्द एलिहियो निखाऱ्यावर केळीची पानं शेकवत बसला होता आणि साखर कारखान्यातला जन्मभराचा फोरमन असल्यामुळे स्वतःचं सोडून इतर सगळ्यांच्या कामावर लक्ष ठेवून होता.

धाकटा विल्किन तेवढा रिकामा होता. ज्या हातांवर घर चालतं ते हात किसणीपाशी न्यायचे नाहीत, असा मिलेदिसचा दंडक. म्हणून तो वेताच्या खुर्चीत बसून सगळ्यांना ग्वावाबेरीची दारू ओतून देत होता आणि प्रत्येक पेला दोन्ही हातांनी, मान लववून पुढे करत होता. चार वर्षं जपानात खेळून त्याला ही सवय लागली होती. नोव्हेंबरात विमानतळावरून घरी आला की पहिला आठवडा तो कोंबडीवाल्यालासुद्धा वाकून नमस्कार करी. कोंबडीवाला आता मुद्दाम दोनदा चक्कर मारायचा.

मिलेदिस चुलीपाशी होती. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं होतं आणि तिच्या मनात त्याहून जास्त खदखदत होतं. कारण तिला एक गोष्ट माहीत होती, आणि ती नवऱ्याला सांगायची नव्हती.

गेल्या आठवड्यात कपडे वाळत घालताना युबेर्किसने तिला सगळं सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये एका सामन्यात उंच गेलेला चेंडू पकडायला धावताना विल्किन भिंतीवर आदळला, डावा गुडघा दुखावला. त्याने कोणाला सांगितलं नाही, तसाच हंगाम काढला, पण धावा आटल्या. आता तिकडच्या क्लबने पुढच्या वर्षाचा करार लांबणीवर टाकला होता. जानेवारीत त्यांचा एक माणूस इथे येणार, बाद फेरीतल्या सामन्यांत विल्किनला पळताना बघणार आणि मग काय ते ठरवणार. विल्किन तेहेतीस वर्षांचा. या वयात जपानने सोडला की दुसरं कोणी उचलत नाही, हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

आणि विल्किन हिवाळ्यात ज्यांच्याकडून खेळायचा ते हिरवे तर बाद झाले. जानेवारीत खेळायचं कुठे?

एकच वाट होती. बाद झालेल्या दोन संघांतले चांगले खेळाडू उरलेले चार संघ वाटून घेतात, जानेवारीपुरते. त्या वाटणीची बैठक आजच होती आणि रादामेसने रेडिओ आंब्याच्या फांदीला टांगून ठेवला होता. विल्किनला कोणीतरी घ्यावं म्हणून मिलेदिसने आठवडाभर सकाळ-संध्याकाळ देवाच्या आईला गाऱ्हाणं घातलं होतं. कोणीही चालेल, फक्त राजधानीचे निळे नकोत, एवढीच तिची अट होती.

एलिहियोला हे का सांगायचं नव्हतं, तर त्याच्या पोटात काही राहत नाही म्हणून. सकाळी सांगितलं असतं तर दुपारपर्यंत बेकरीत, संध्याकाळी चर्चमध्ये आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं असतं की विल्किन हॉजचा गुडघा गेला. मग जपानहून येणाऱ्या माणसाने तिकीट कशाला काढलं असतं? म्हणून ठरलं होतं, पापाला कळता कामा नये. रादामेसला ठाऊक होतं, तितीला ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या न्हाव्यालाही बहुधा ठाऊक होतं, कारण तो विल्किनचे केस कापताना हल्ली फार हळू बोलायचा.

रेडिओवरच्या माणसाने घसा साफ केला. पहिली निवड निळ्यांची, तो म्हणाला. मग कागद चाळल्याचा आवाज.

"उजव्या बाजूचा आउटफिल्डर, विल्किन हॉज."

रादामेसची किसणी थांबली. एलिहियोच्या हातातलं पान निखाऱ्यावर पेटलं आणि त्याचं त्याला भान नव्हतं. देवाच्या आईने अर्धंच ऐकलं, असं मिलेदिसच्या मनात आलं. आणि तेवढ्यात कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या. तिती ओफेलिया, दोन्ही हातांना केळ्याचा कीस लागलेला, लहान पोरीसारखी टाळ्या पिटत होती. दोन क्षणांनी तिला आपण काय करतोय ते कळलं आणि तिने हात पदरात लपवावेत तसे एप्रनखाली लपवले.

एलिहियोने तिला अगदी शांतपणे विचारलं, की हे काय होतं. तितीने आधी माशी मारत होते म्हणून सांगितलं. मग एप्रनला हात पुसले, पाठ ताठ केली आणि म्हणाली, "आता लपवायचं तरी किती दिवस? मी निळी आहे, एलिहियो. लग्नानंतर ह्यांनी मला राजधानीत सामना दाखवायला नेलं तेव्हापासून. चाळीस वर्षं सामना असला की ह्या घरात हिरवी टोपी घालून बसते, डोकं तापतं माझं."

रादामेसने कपाळावर हात मारला. कीस केसांना लागला. एलिहियो बहिणीकडे असं बघत राहिला, जणू तिने धर्म बदलला होता. आणि त्या घरात धर्म बदलला असता तर एवढं बिनसलं नसतं. हॉजांचा पणजा तोर्तोला बेटावरून ऊस तोडायला इथे आला तो क्रिकेटची बॅट घेऊन. त्याच्या पोरांनी ती बॅट सोडून बेसबॉल धरला, कारखान्याच्या मैदानावर हिरवा झेंडा लावला आणि त्या दिवसापासून या घरात देवावर वाद झाले, मालमत्तेवर झाले, बायकांवरून झाले, पण रंगावरून कधी झाले नव्हते.

मग एलिहियोचा आवाज चढला. निळे म्हणजे माजलेले लोक, ऊस आपण तोडायचा आणि साखर त्यांनी खायची, आणि आता आपलं पोरगंही हवं. त्याचं बोलणं ऐकून कुंपणावर डोकी उगवू लागली. शेजारच्या चागोने तर खुर्चीच आणली. "एलिहियो," तो कुंपणावरून म्हणाला, "घराला निळा रंग द्यायचा असेल तर माझ्याकडे अर्धा डबा पडून आहे." गल्ली खिदळली.

"माझा मुलगा निळ्यांकडून खेळणार नाही," एलिहियोने जाहीर केलं, घरापेक्षा कुंपणाला जास्त ऐकू जाईल अशा आवाजात. "जानेवारीत तो या खुर्चीत बसेल, पाय वर करून. संपला विषय."

रादामेस लगेच बापाच्या बाजूने उभा राहिला. बरोबर आहे, इज्जतीचा प्रश्न आहे, असं तो म्हणाला. युबेर्किसने दोरा एवढा आवळला की पुडी मधोमध फुटली. तिती पुटपुटली की इज्जत खाऊन पोट भरतं का कोणाचं. मिलेदिसने पातेल्यावर झाकण आपटलं आणि विल्किनकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला होता. तेवढ्या गडबडीतही त्याने पेला आधी नीट खाली ठेवला होता.

"पापा, तुमचा नकार असेल तर मी नाही जाणार," तो म्हणाला.

गल्लीने टाळ्या वाजवल्या. चागोने शिट्टी घातली. एलिहियोने मान डोलावली खरी, पण टाळ्यांनी फुलायचा त्याचा चेहरा आज फुलला नाही, हे मिलेदिसच्या नजरेतून सुटलं नाही. तिला वाटलं, बहिणीचं लागलं असेल मनाला.

रादामेसच्या फोनवर तेवढ्यात निळ्यांच्या ऑफिसचा निरोप आला, कारण घरातल्या फोनव्यवहाराचं खातं त्याच्याकडे होतं. संध्याकाळपर्यंत होकार कळवा, नाहीतर दुसरा खेळाडू घेऊ. नकार दिला तर नियमाप्रमाणे या हिवाळ्यात कोणाकडूनच खेळता येणार नाही. आणि घरच्यांसाठी खेळाडूंच्या बाकामागच्या खुर्च्या, जेवणासकट. रादामेसने शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग तो पापाच्या बाजूने होता तो हळूहळू मधोमध सरकला आणि म्हणाला, की तसं बघितलं तर निळे काही माणसं नाहीत असं नाही. मिलेदिसला हसू आवरेना. या पोराने लहानपणी मिठाईसाठी दोनदा बाप्तिस्मा करून घेतला होता.

पण आता वेळ घालवून चालणार नव्हतं. तिने एलिहियोला मीठ कुठे ठेवलंय ते दाखव म्हणून स्वयंपाकघरात बोलावलं. सदतीस वर्षांच्या संसारात त्याने मिठाचा डबा एकदाही हाताळला नव्हता, त्यामुळे काहीतरी गंभीर आहे हे त्याला उंबऱ्यातच कळलं. तिने दार लोटलं.

"हे बघ, ओरडायचं नाही," ती म्हणाली. "विल्किनचा जपानचा करार झालेला नाही. त्यांचा माणूस जानेवारीत येतोय त्याला बघायला. जानेवारीत पोरगा मैदानात दिसला नाही तर जपान संपलं, आणि जपान संपलं म्हणजे खेळणं संपलं. तो तुला सांगणार नाही. तुझ्या रंगापायी पोरगं आयुष्य सोडून त्या खुर्चीत बसेल आणि तोंडातून शब्द काढणार नाही, तुला माहितीये तो कसा आहे ते."

एलिहियो ओरडला नाही. खिडकीच्या कठड्यावर टेकला. त्याने विचारलं, "किती जणांना माहीत आहे?"

"तुला सोडून सगळ्यांना."

"जपानहून माणूस येणार, हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला, आणि "हे" वर त्याने दिलेला जोर मिलेदिसच्या तेव्हा लक्षात आला नाही. तो उठला, दार उघडलं, परसात गेला आणि रादामेसपुढे हात पसरला. "फोन लावून दे त्या लोकांना."

रादामेसने विचारलं, कोणत्या लोकांना. एलिहियोने फक्त डोळे वटारले. फोन लागला तसा तो कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेला, गल्लीला पाठ करून. सगळं घर पास्तेल सोडून पाठोपाठ सरकलं. हा माणूस आता फोनवर शिव्या देणार, जे काही उरलंय तेही जाणार, असं मिलेदिसने धरूनच ठेवलं होतं.

"मॅनेजर आहेत का? मी एलिहियो हॉज, विल्किनचा बाप," तो म्हणाला, अगदी कारखान्यातल्या आवाजात. "पोरगा येतोय. पण आधी मी सांगतो ते लिहून घ्या. उजवीकडच्या मैदानातच उभा करायचा, मधे नाही. त्याच्या उजव्या हाताला, मधल्याच्या अंगाने जो चेंडू जाईल तो तुमच्या मधल्याने घ्यायचा, त्याच्यावर सोडायचा नाही. बेस चोरायला पळवायचं नाही. आणि आठव्या डावात पुढे असाल तर त्याला बसवायचा." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "कारण काही नाही. बापाची अट आहे. फेकायला हात तेवढा बघा त्याचा, सगळ्या बेटावर दुसरा नाही तसा. हो. हो, तुम्हालाही नाताळच्या शुभेच्छा."

त्याने फोन रादामेसच्या हातात दिला आणि निखाऱ्यापाशी येऊन बसला. निळ्यांना शुभेच्छा दिल्याबद्दल तो गल्लीकडे बघायचं टाळत होता. कुंपणावरून चागोने विचारलंच, की काय ठरलं. "आमच्याशिवाय त्यांना जमत नाही, हे ठरलं," एलिहियो म्हणाला, "आणि तुझी खुर्ची उचल, खेळ संपला." चागो हसत हसत गेला, त्याच्यामागे बाकीची डोकीही मावळली.

मग विल्किन बापासमोर उकिडवा बसला. बसताना डाव्या पायावर भार न टाकता बसला, ते एलिहियोने पाहिलं आणि विल्किनने, त्याने पाहिलं, हे पाहिलं.

"गुडघ्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?" विल्किनने विचारलं. युबेर्किसने सासूकडे पाहिलं, सासूने तितीकडे. तितीने दोन्ही हात वर केले, मी नाही.

"कोण सांगणार? ऑगस्टमध्ये भिंतीवर आदळलास, उठलास आणि टोपी सारखी केलीस," एलिहियो म्हणाला. "लहानपणापासून तुला लागलं की तू टोपी सारखी करतोस. सायकलवरून पडलास तेव्हाही तेच. पुढच्या सामन्यापासून उजवीकडचं पहिलं पाऊल उशिरा पडायला लागलं. एवढं मला दिसणार नाही?"

"पण तुम्ही ते पाहिलंत कुठे?"

एलिहियो पानं चाळू लागला. शेवटी उत्तर मिलेदिसनेच जुळवलं, आणि जुळलं तशी ती मटकन स्टुलावर बसली. जपानात संध्याकाळचा सामना सुरू होतो तेव्हा इथे पहाटेचे पाच वाजतात. आणि चार वर्षं मार्च लागला की हा माणूस पहाटे पाचच्या आत पाव आणायला म्हणून बाहेर पडायचा आणि आठला परत यायचा. रांग होती, तो सांगायचा. बेकरीवाल्याकडे इंटरनेट आहे, हे तिला आत्ता आठवलं.

"मेल्या," ती म्हणाली, "चार वर्षं आम्ही गार पाव खाल्ला तो ह्यासाठी?"

तिती आधी फुटली, मग रादामेस, मग युबेर्किस हसता हसता रडायला लागली. एलिहियोने कबूल केलं, की बेकरीच्या पायरीवर बसून तो बेकरीवाल्याच्या फोनवर एकूण एक सामना बघतो. तिकडे विल्किन बॅट घेऊन आला की प्रेक्षक तुताऱ्या वाजवून त्याच्या नावाचं गाणं म्हणतात, तेही त्याला पाठ होतं. मिलेदिसला इतकी वर्षं वाटत होतं, की कोंबड्यांना दाणे टाकताना हा चर्चमधलं काहीतरी गुणगुणतो.

ज्याच्या पोटात तीळ भिजत नाही, त्याने ऑगस्टपासून एवढी गोष्ट पोटात ठेवली, बायकोलासुद्धा कळू दिली नाही. तिला त्याचा राग यायला हवा होता. पण तिला त्याच्या कानशिलावरचे पांढरे केस दिसले, आणि पायरीवरच्या अंधारात एकटा बसून पोराचं लंगडणं बघणारा तो दिसला, आणि तिचा जीव भरून आला.

"मग तो मघाचा तमाशा कशाला केलास?" तिने विचारलं.

"गल्लीसमोर गुडघा म्हणून ओरडू?" एलिहियो म्हणाला. "म्हटलं, निळ्यांच्या नावाने घरी बसवावा, महिनाभर पाय वर करून. बरा झाला असता. तो जपानी येणार हे मला कोणी सांगायला नको?" मग त्याने बहिणीकडे बघून बोट उगारलं. "आणि निळ्यांवरचा राग खराच आहे. तो वेगळा."

विल्किन हसायचा थांबला. तो म्हणाला, की पापा, मी महिनाभर चांगला खेळलो तरी ते सही करतीलच असं नाही. त्यांच्याकडे तरुण पोरं आहेत. कदाचित नाही करणार. हे त्याने आजवर बायकोलाही इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं, हे युबेर्किसच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

एलिहियोने हातातलं पान निखाऱ्यावर धरलं, उलटवलं, नीट शेकलंय का बघितलं.

"करतील," तो म्हणाला. "उजवीकडचं पहिलं पाऊल आपण दोघं उद्यापासून कारखान्याच्या मैदानावर बसवू. आणि एवढं करून नाहीच केली सही, तर मार्चपासून मी पहाटे पाचला उठून काय करू, तेवढं मला सांग."